पाच गाड्या सोडल्या, तीन ठेवल्या

12 डिसेंबर 2021, रविवार. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. गावच्या फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथं आम्ही पाच दोस्त फॉर्म्युला वनची त्या वर्षातली शेवटची, अबू धाबीची शर्यत पाहायला बसलो. आपल्या साडेसहाला सुरू झालेली शर्यत आठच्या सुमारास संपली. सव्वाआठला दुकानाबाहेर दोघं जण एकमेकांवर असे ओरडत होते की समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून आली. एक जण गाडीला किक मारून निघून गेला आणि पुढं चार दिवस त्यानं फोन उचलला नाही.

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण असं, की त्या रात्री आम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टींवर एकाच दमात भांडलो. त्या वेगळ्या केल्या तेव्हाच बोलणं सुरू झालं, आणि त्या वेगळ्या केल्या त्या आमच्यातल्या सगळ्यात कमी शर्यती पाहिलेल्या माणसानं. त्याच्याकडं त्यासाठी एक जुनं दुखणं होतं.

बसलेले कोण होते

दुकान ज्याचं, तो वाइंडिंगवाला. जळालेल्या मोटारीच्या तांब्याच्या तारा सोडवताना त्याचा टीव्ही चालू असतो. 2008 पासून तो ब्रिटिश ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनचा माणूस. माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला होता, लॉकडाउनमध्ये घरी आला तो इथंच राहिला. तो डच ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेनचा. हे दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. तिसरे मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, वयानं मोठे म्हणून आम्ही त्यांना ‘सर’ म्हणतो. चौथा आमचा कास्तकार दोस्त. त्याला शर्यत म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. त्याच्या वडिलांची जोडी एकेकाळी तालुक्यात नावाजलेली होती. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद झाले, तेव्हापासून त्यांचा गोठा अर्धा रिकामा आहे. फॉर्म्युला वन तो फक्त आमच्यासोबत बसायचं म्हणून पाहायचा. पाचवा मी.

दिवस कापसाच्या दुसऱ्या वेच्याचे. त्या आठवड्यात शेतातली लाइन रात्रीची होती, साडेदहाला थ्री फेज येणार होती, आणि आमच्यातल्या तिघांना हरभऱ्याच्या ओलितासाठी जायचं होतं. म्हणून शर्यत आठला संपेल याचा सगळ्यांना आनंद होता.

वर्ष कसं गेलं होतं

शेवटच्या शर्यतीला जाताना हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन, दोघांचे गुण सारखे होते: 369.5 आणि 369.5. हा अर्धा गुण कुठून आला हे कास्तकार दोस्तानं विचारलं होतं, आणि त्याची ही विचारायची सवयच पुढं कामी आली. 29 ऑगस्टला बेल्जियममधल्या स्पा इथं पावसानं शर्यतच होऊ दिली नव्हती. सगळ्यांना हळू चालायला लावणाऱ्या सेफ्टी कारच्या मागं गाड्या फिरवल्या, शर्यत झाली असं जाहीर केलं आणि अर्धे गुण वाटले. व्हर्स्टॅपेनला साडेबारा, हॅमिल्टनला साडेसात. एकही गाडी कोणाला ओलांडून गेली नव्हती, तरी गुण मिळाले.

बाकी वर्षभर दोघं एकमेकांच्या अंगावर गेले होते. जुलैत सिल्वरस्टोनला पहिल्याच फेरीत धडक झाली, व्हर्स्टॅपेन भिंतीवर आदळला. हॅमिल्टनला दहा सेकंदांची शिक्षा झाली आणि तरी तो जिंकला. सप्टेंबरात मोन्झाला व्हर्स्टॅपेनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली. डोक्यावरचं ते ‘हेलो’ नावाचं कडं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. आदल्याच आठवड्यात जेद्दाला पुन्हा टक्कर. एवढं सगळं झाल्यावर दोघं बरोबरीत उभे होते. व्हर्स्टॅपेनच्या शर्यती जास्त जिंकलेल्या, म्हणजे दोघंही बाद झाले तर जगज्जेतेपदाचा किताब त्याचा. चुलतभाऊ हेच घोकत बसला होता.

त्या संध्याकाळी

व्हर्स्टॅपेन सगळ्यात पुढच्या जागेवरून निघाला, पण सुरुवातीलाच हॅमिल्टन पुढं गेला. पहिल्याच फेरीत व्हर्स्टॅपेननं आत घुसून ओलांडायचा प्रयत्न केला. हॅमिल्टन रस्ता सोडून बाहेरून गेला आणि पुढंच राहिला. पंचांनी त्यावर चौकशी लावली नाही. चुलतभाऊ उठून उभा राहिला. हा त्याच्या मनातला पहिला खडा, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता.

पुढं व्हर्स्टॅपेनचा साथीदार पेरेझ यानं जुन्या टायरवर हॅमिल्टनला असं अडवून धरलं की व्हर्स्टॅपेनचं कितीतरी सेकंदांचं अंतर भरून निघालं. वाइंडिंगवाला असा कट्टर, पण तोही म्हणाला, “काय चालवून रायला बे हा पोट्टा!” तरी नंतर अंतर पुन्हा वाढलं. 58 फेऱ्यांच्या शर्यतीत पन्नाशी ओलांडली तेव्हा हॅमिल्टन अकरा-बारा सेकंदांनी पुढं होता. वाइंडिंगवाल्यानं चहा सांगितला. सर घड्याळ पाहायला लागले.

मग 53 व्या फेरीत विल्यम्स संघाचा लतीफी भिंतीवर आदळला आणि सेफ्टी कार आली.

इथं जरा थांबून सांगतो, कारण आमचं निम्मं भांडण पुढच्या दहा सेकंदांवरचं होतं. सेफ्टी कार आली की सगळे हळू चालतात, अंतर मिटतं आणि टायर बदलणं स्वस्त पडतं. हॅमिल्टनच्या गाडीला 14 व्या फेरीपासून तेच कडक टायर होते. त्यानं बाजूच्या थांब्यावर आत जाऊन टायर बदलले असते, तर मागचा व्हर्स्टॅपेन बाहेरच राहून पुढं निघाला असता. शर्यत सेफ्टी कारच्या मागंच संपली असती तर किताब गेला असता. तो बाहेर राहिला, तर व्हर्स्टॅपेन आत जाऊन नवे मऊ टायर घालणार. पुढच्यानं काहीही केलं तरी मागच्याला त्याच्या उलट करायची मोकळीक असते. हॅमिल्टनच्या संघानं, मर्सिडीजनं, पुढची जागा धरून ठेवली. व्हर्स्टॅपेनच्या संघानं, रेड बुलनं, टायर बदलले.

कास्तकार दोस्तानं पडद्याकडं बोट दाखवून विचारलं, “हे नवे टायर तं गोटेच दिसून रायले. मंग फरक काय पडला?” वाइंडिंगवाल्यानं समोरचा ट्रॅक्टरचा जुना ट्यूब उचलून त्याच्या हातात दिला आणि नखानं दाबून पाहायला सांगितलं. कोरड्या रस्त्यावरच्या या टायरला नक्षी नसतेच, म्हणाला. सगळी पकड रबराच्या मऊपणात आणि उष्णतेत. मऊ रबर रस्त्याला चिकटतं, कडक रबर जास्त फेऱ्या टिकतं. आणि कडक, जुना टायर सेफ्टी कारच्या मागं हळू चालून थंड पडला की त्याची पकड जाते. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. शर्यत पुन्हा सुटली तर काय होणार, हे आमच्यात सगळ्यात आधी त्याला कळलं होतं.

पण शर्यत सुटेल असं दिसत नव्हतं. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन यांच्या मधात एक फेरी मागं पडलेल्या पाच गाड्या होत्या: नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लक्लेर, व्हेटल. शर्यतीचे संचालक मायकेल मासी. आधी पडद्यावर संदेश आला, की मागं पडलेल्या गाड्यांना पुढं जाता येणार नाही. म्हणजे त्या दोघांच्या मधात अडसर राहणार. वाइंडिंगवाल्यानं श्वास सोडला. थोड्याच वेळात दुसरा संदेश आला: या पाच गाड्यांनी पुढं जावं. पाच गेल्या आणि त्याच फेरीच्या शेवटी सेफ्टी कार आत घेतली. उरली एक फेरी. पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपेन आत शिरला आणि किताब घेऊन गेला.

चहा आला तेव्हा कोणी पेला उचलला नाही.

भांडण

“बेइमानी हाय ही,” वाइंडिंगवाला म्हणाला. “धडधडीत बेइमानी.”

“कायची बेइमानी? टायर बदलाले कोनं अडवलं होतं त्याले?” चुलतभाऊ म्हणाला. “अन् पयल्या फेरीत थो बाहेरून गेला, तवा नाही दिसली बेइमानी?”

“लतीफी नसता आदळला तं तुहा मानूस दुसराच होता.”

“अन् 2008 ले ग्लॉक हळू नसता झाला तं तुहा मानूस दुसरा होता! तवा नशिबानं देलं, आता नशिबानं नेलं. रडून कायले रायला?”

हा घाव वर्मी बसला. 2 नोव्हेंबर 2008 ला ब्राझीलमध्ये फेलिपे मासा शर्यत जिंकून जगज्जेता झालाच होता. त्याच्या घरच्यांनी उड्या मारायला सुरुवात केली होती. तेवढ्यात पावसात कोरड्या टायरवर घसरत चाललेल्या ग्लॉकला हॅमिल्टननं शेवटच्या वळणांवर गाठलं आणि पाचवा क्रमांक मिळवला. 98 विरुद्ध 97. एका गुणानं किताब. वाइंडिंगवाल्यानं ही गोष्ट आम्हाला शंभरदा सांगितलेली, दर वेळी डोळ्यात पाणी आणून. तीच आता त्याच्यावर उलटली.

मग आवाज चढले, जुन्या उधारीच्या गोष्टी निघाल्या, पुण्याहून परत आल्याचा टोमणा निघाला. तो निघायला नको होता. चुलतभाऊ गेला.

तीन गाठी

कास्तकार दोस्ताचं शेत माझ्या धुऱ्याला लागून आहे. साडेदहाला मोटार सुरू करून आम्ही दोघं त्याच्या विहिरीजवळ शेकोटी करून बसलो. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मले एक सांग. पाच सोडल्या म्हंते. मागं पडलेल्या गाड्या एकूण किती होत्या?”

मी मोबाइलवर पाहिलं. आठ. पाच सोडल्या, तीन ठेवल्या. रिकार्डो, स्ट्रोल आणि शूमाकर.

“त्या तिघायचं काय?”

आम्ही एवढे भांडलो, पण हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. मासींनी ज्या पाच सोडल्या त्या बरोबर दोघांच्या मधातल्या होत्या. व्हर्स्टॅपेनच्या मागच्या तिघांना तिथंच ठेवलं. तिसऱ्या क्रमांकावर सेन्झ होता. त्याच्यासमोर तशाच मागं पडलेल्या गाड्या उभ्या होत्या, त्याला पुढच्याला गाठायची संधीच नव्हती. शर्यत एकोणीस गाड्यांची म्हणून सुरू झाली आणि शेवटची फेरी दोघांची झाली.

मग त्यानं आपलं सांगितलं. तो बारा-तेरा वर्षांचा असेल. बंदीच्या आधीचे दिवस. दूरच्या एका गावात पट होता. वडील भाड्याच्या गाडीत जोडी घेऊन गेले होते. बैलांची शिंगं रंगवलेली, नंबराची चिठ्ठी वडिलांच्या खिशात. दिवस मावळत आला तेव्हा दहा-बारा जोड्या धावायच्या राहिल्या होत्या. अंधारात घडी दिसणार नाही म्हणून पट थांबवणार होते. पण लोक दोन नावाजलेल्या जोड्यांसाठी थांबलेले. पंचानं भोंग्यावरून तेवढ्या दोनच जोड्या बोलावल्या. त्या धावल्या, टाळ्या पडल्या, बक्षीस वाटलं. बाकीच्यांनी बैल परत गाडीत चढवले. “बापानं कोनाले काही म्हटलं नाही,” तो म्हणाला. “रस्त्यानं एकच बोलला. म्हणे, हरलो असतो तं चाललं असतं.” ती चिठ्ठी वडिलांनी देवघरात ठेवलेली, अजून आहे.

शेकोटीच्या उजेडात मी काट्याच्या पावतीमागं लिहायला घेतलं. लतीफीचं आदळणं हे नशीब. 2008 चा पाऊसही नशीब. त्याबद्दल कोणावर रागावता येत नाही, आणि इथं चुलतभावाचं खरं होतं. टायर न बदलणं हा मर्सिडीजचा हिशेब, तो चुकला. तिथंही त्याचं खरं होतं. पण कोणत्या गाड्या सोडायच्या आणि सेफ्टी कार केव्हा आत घ्यायची, हे ना नशीब ना हिशेब. ते लिहिलेलं असतं. इथं वाइंडिंगवाल्याचं खरं होतं. दोघंही बरोबर बोलत होते, फक्त वेगवेगळ्या गाठीबद्दल.

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम काढले. सर इंग्रजी शिकवतात, त्यांनी एकेक शब्द लावून सांगितला. कलम 48.12: मागं पडलेल्या गाड्यांना पुढं जायला सांगितलं, तर शेवटची गाडी पुढं गेल्यावर सेफ्टी कारनं त्याच्या पुढच्या फेरीच्या शेवटी आत जायचं. तसं केलं असतं तर शर्यतीला फेरीच उरत नव्हती. आणि कोणत्या गाड्या? इंग्रजी शब्द असा होता की त्याचा अर्थ ‘ज्या कोणत्या असतील त्या’ असा होतो. पंचांसमोरच्या सुनावणीत रेड बुलची बाजू अशी मांडली गेली की ‘कोणत्याही’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. सर फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे म्हणाले, “वर्गात म्हटलं, कोणीही पाणी प्यायला जाऊ शकता, तर तिघांना दारात अडवता येतं का?”

पंचांनी मर्सिडीजच्या दोन्ही तक्रारी त्याच रात्री फेटाळल्या होत्या. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती. त्यांचं म्हणणं, सेफ्टी कारवर संचालकाचा अधिकार सर्वात वरचा, आणि ती आत येणार असं जाहीर झालं की दुसरं कलम लागू होतं. शर्यत शक्यतो मोकळ्या रस्त्यावर संपावी, हे सर्व संघांनी आधीच मान्य केलं होतं, हेही सुनावणीत सांगितलं गेलं. ही बाजू मला पोकळ वाटत नाही. लाखो लोक पाहत असताना, दोन्ही संघांचे अधिकारी रेडिओवरून कानात बोलत असताना, एका माणसाला मिनिटभरात ठरवायचं होतं. पण 2020 च्या ऑक्टोबरात, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीनंतर, याच मासींनी सांगितलं होतं की मागं पडलेल्या सर्व गाड्यांना पुढं जाऊ देणं नियमानं बंधनकारक आहे. तेव्हा एक अर्थ आणि आता दुसरा. मला तिथं त्यांची बाजू घेता आली नाही. शेवट चांगला व्हावा ही इच्छा त्यांच्या मनात नियमाच्या वर चढली, असं माझं मत आहे. त्या गावच्या पंचाचंही तेच झालं होतं.

16 डिसेंबर

गुरुवारी दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. मर्सिडीजनं अपील सोडून दिलं. आणि सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, अटींसह.

कास्तकार दोस्त संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात आला. त्यानं स्वतः जाऊन माझ्या चुलतभावाला सोबत आणलं होतं. दुकानात आत पाऊल टाकताना तो अवघडला होता. वाइंडिंगवाला एका जळक्या स्टेटरमधली तार पक्कडीनं ओढत होता, त्यानं मान वर केली नाही. कास्तकार दोस्तानं पेढ्याचा डबा बाकावर ठेवला आणि वडिलांची गोष्ट त्या दोघांना सांगितली. आठ जोड्या, पाच जोड्या असं गाड्यांचं आणि बैलांचं तो मिसळत गेला, पण दोघंही ऐकत होते.

मग चुलतभाऊ म्हणाला, “पाचच सोडायच्या नव्हत्या. हे मान्य हाय मले. पण मॅक्सनं काही चोरलं नाही.”

वाइंडिंगवाल्यानं पक्कड खाली ठेवली. “त्यानं नाही चोरलं. थो आपल्या परीनं चालवला. लय चालवला.” आणि थोड्या वेळानं, “पुण्याचं मी बोलाले नोको होतं.”

किताबाबद्दल त्यांचं आजही एकमत नाही. पण भांडण नेमकं कशावर आहे, हे आता दोघांना ठाऊक आहे, आणि ते मजेत भांडतात.

2022 च्या फेब्रुवारीत मासींना संचालकपदावरून दूर केलं गेलं आणि संघांचं त्यांच्या कानात थेट बोलणं बंद झालं. मार्चमध्ये या शर्यतींचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा अहवाल आला: मानवी चूक झाली, पण संचालकांनी ती सद्भावनेनं केली, आणि निकाल कायम. मागं पडलेल्या गाड्या तोवर माणसं हातानं ओळखत असत, त्यासाठी संगणकाची व्यवस्था केली गेली. नियमातला ‘कोणत्याही’ हा शब्द काढून तिथं ‘सर्व’ घातला. सरांनी ती बातमी दुकानात मोठ्यानं वाचली.

आमचा पट

त्याच्या पुढच्या थंडीत गावात पट भरवायचं ठरलं. जिल्हाधिकाऱ्यांची दोन दिवसांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, बैलांना काठीनं मारायचं नाही, तुतारीनं टोचायचं नाही ही अट, सगळं रीतसर. नियमांचा कागद सरांच्या अक्षरात लिहिला. सहावा नियम कास्तकार दोस्तानं सांगितला आणि सरांनी त्यातल्या एका शब्दाखाली दोनदा रेघ मारली: ‘उजेडाअभावी पट थांबवल्यास राहिलेल्या सर्व जोड्या दुसऱ्या दिवशी सकाळी नंबराप्रमाणे धावतील.’

पहिल्या दिवशी सूर्य तुरीच्या शेतामागं गेला तेव्हा अकरा जोड्या राहिल्या होत्या. त्यात दोन अशा, ज्यांच्यासाठी लोक तालुक्यातून आले होते. शिट्ट्या सुरू झाल्या. “दोनच सोडा, दोनच!” असा गलका झाला. भोंगा वाइंडिंगवाल्याकडं होता. त्यानं कागद काढला, मोबाइलच्या उजेडात सहावा नियम वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. माझा चुलतभाऊ पटाच्या तोंडाशी दोरी धरून उभा होता, ती त्यानं आडवी बांधून टाकली.

सकाळी सातला धुकं होतं. माणसं निम्मीही नव्हती. अकराव्या नंबरची जोडी लहान शेतकऱ्याची होती, एक बैल पांढरा, एक तांबूस. कास्तकार दोस्ताचे वडील घोंगडं पांघरून पटाच्या टोकाला बसले होते. ती जोडी सुटली तेव्हा ते उभे राहिले.